बँकेची सही

माझं सासर जळगावचं, माहेर धुळ्याचं. संमतीनं वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा आमच्याकडे बैठक बसली. दोन्हीकडचे मामा, नाना, आबा. भांडी, कपाट, सोनं, सगळ्याची यादी झाली. कर्जाचा विषय निघाल्यावर सासरचे आबा म्हणाले, "फ्लॅट त्याचा, हप्तेही तोच भरेल. लिहून घ्या."

पण त्या गृहकर्जावर सहकर्जदार म्हणून माझी सही होती. मी शिक्षिका, माझा पगार धरला म्हणूनच तेवढं कर्ज मिळालं होतं. गोव्यात वेगळा करार नसेल तर नवराबायकोची मालमत्ता निम्मीनिम्मी असते. आपल्याकडे तसं नाही. घर माझ्या नावावर नव्हतं, कर्ज मात्र होतं.

वकीलबाईंनी मसुदा वाचून विचारलं, "यात बँकेची सही कुठंय?" आम्ही आपसात काहीही ठरवलं, कोर्टानं ते मान्य केलं, तरी बँक त्याला बांधील नाही. जुन्या कराराच्या जागी नवा आणायचा तर १८७२च्या करार कायद्याप्रमाणे सगळ्या पक्षांची संमती लागते. हप्ता नवऱ्यानं चुकवला तरी नोटीस मला येणार, सिबिल माझं बिघडणार.

सोन्याचंही तेच. कापसाचा भाव पडला त्या वर्षी माझा हार आणि पाटल्या त्यांच्या नावानं तारण ठेवल्या होत्या. "घरासाठीच वापरलं ना," सासूबाई म्हणाल्या. स्त्रीधन नवऱ्याच्या ताब्यात दिलं म्हणून त्याचं होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलंय. माझ्या आईला त्या निकालाची गरज नव्हती. "मन्ही आंडेरनं सोनं शे ते," माझ्या लेकीचं सोनं आहे ते, असं ती भर बैठकीत अहिराणीत म्हणाली.

संमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर साधारण सहा महिन्यांनी दोघांना पुन्हा कोर्टापुढे उभं राहावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानंतर ही मुदत माफही होऊ शकते. पण हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, आणि बाईच्या हातात खरा जोर असतो तो एवढ्याच काळात. पोटगीच्या आकड्यावर रात्र जागवणाऱ्या नातेवाइकांनी कर्जाचा कागद आधी उघडावा, असं मला कळकळीनं वाटतं.

अटींत दोन ओळी वाढवल्या: दुसऱ्या तारखेआधी दागिने सोडवून परत, आणि कर्जातून माझं नाव कमी. त्यांच्या एकट्याच्या उत्पन्नावर बँक तयार होईना. शेवटी धाकट्या दिरानं माझ्या जागी सही केली. बँकेचं पत्र हाती पडल्यावरच मी कोर्टात जबाब दिला.