पात्र, अपात्र

बोरी अरबला पिक्चर पाहणारे पुष्कळ होते, पण पाहून आल्यावर वहीत लिहून ठेवणारा मी एकटाच. लाल कापडी पाठीची लांबोडकी वही. तिच्यात रकाने पाडलेले: पिक्चरचं नाव, कुठं पाहिला, मत, दहापैकी गुण. ऑस्करला गेलेल्या पिक्चरची पानं वेगळी ठेवलेली. तिकडं अमेरिकेत निकाल लागायच्या आधी मी इकडं बोरीत लावून मोकळा. गावातली पोरं मला 'परीक्षक' म्हणायची. चिडवायची, हे कळायचं, तरी बरं वाटायचं.

हा नाद बाबांमुळं लागला. माझ्या लहानपणी गावाबाहेरच्या पडीक वावरात टुरिंग टॉकीजचा तंबू पडायचा. तिथंच मातीत बसून 'मदर इंडिया' पाहिला. पिक्चर १९५७ चा, ऑस्करच्या शेवटच्या पाचांत पोचलेला आपला पहिला. आमच्याकडं येईपर्यंत रिळं इतकी झिजली होती, की पडद्यावर दुष्काळातही पाऊस पडत होता. नर्गिस खांद्यावर नांगर ओढते तेव्हा सगळ्या बाया पदरानं डोळे पुसत होत्या. परत येताना मी बाबांना विचारलं, कसा वाटला? चालता चालता म्हणाले, "नांगर वढला थे ठीक हाये. पण त्या सुक्खीलालाची वही पाह्यली का तू? लिवणारा तोच, वाचणारा तोच. खरं पिच्चर थ्या वहीत हाये."

पाचशे रुपयांचं कर्ज, व्याजात तीन हिस्से पीक, आणि ज्यांना अक्षर येत नाही त्यांचा अंगठा. माझ्या वहीतलं पहिलं मत खरं तर बाबांचंच आहे. मी फक्त उतरवून घेतलं.

पुढं २००२ साली 'लगान' पाचांत आला. २५ मार्चला, सोमवारी सकाळी, आम्ही सात-आठ जण टीव्हीसमोर बसलो होतो. बक्षीस बोस्नियाच्या 'नो मॅन्स लँड'ला गेलं. पोरं म्हणाली, "आपल्याले मुद्दाम हारवलं." मीही वहीत तसंच लिहिलं. 'लगान'ला नऊ दिलेले होतेच. शेतकऱ्याला तीन महिने खेळायला वेळ कसा मिळाला, या शंकेचा एक गुण कापला होता. मग माझ्या ध्यानात आलं, पाऊसच नाही तर वावरात काम तरी काय राहणार? तो गुण मी परत दिला.

'नो मॅन्स लँड' नंतर सीडीवर पाहिला. दोन सैन्यांच्या मधल्या खंदकात एक माणूस पाठीखाली सुरुंग घेऊन पडलेला. उठला की स्फोट. त्याच्याभोवती अधिकारी जमतात, वार्ताहर जमतात, कॅमेरे लागतात. शेवटी सगळे त्याला तसाच टाकून निघून जातात. मी सात गुण दिले. मत लिहिलं, 'आपल्याकडचा विषय नाही.'

२००६ साली जून सरता सरता पंतप्रधान मनमोहनसिंग विदर्भात आले. सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. यवतमाळ जिल्ह्यात वाहिन्यांच्या गाड्या फिरायला लागल्या. त्याच पावसाळ्यात माझा चुलतभाऊ गेला. आम्ही त्याला दादा म्हणायचो. त्यानं जीव दिला. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, मग रिकामं झालं. आमच्याकडं कोणती गाडी आली नाही.

अशा घराला सरकार १ लाख रुपये देतं. ३० हजार हातात, बाकीचे ७० हजार ठेव म्हणून. त्याआधी समिती बसते आणि प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. नापिकी होती का, कर्ज होतं का, वसुलीचा तगादा होता का. आणि कर्ज बँकेचं, सोसायटीचं, नाहीतर परवानावाल्या सावकाराचं पाहिजे. दादाचं कर्ज बिनपरवान्याचं होतं. तोंडी. प्रकरण अपात्र ठरलं.

वहिनी माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "भावजी, तुमाले लिवाची सवय हाये. तुमीच लिवा अर्ज."

मी चार पानं लिहिली. दादा पहाटे कसा उठायचा, बैलाच्या आधी स्वतः कधी जेवायचा नाही, पऱ्हाटी करपली तेव्हा धुऱ्यावर कसा बसून राहायचा. लिहिताना माझेच डोळे भरून आले. टेबलामागच्या माणसानं पानं उलटली, पालटली आणि विचारलं, "कर्जाचा पुरावा कुठंय? कोणाचं कर्ज, नाव कुठंय?"

नाव त्या चार पानांत कुठंच नव्हतं. मला ते माहीत होतं. ज्याच्याकडून दादानं पैसे घेतले त्याच्याशी माझाही व्यवहार होता, पेरणीला त्याच्याच दारात मी उभा राहायचो. म्हणून मी बैल लिहिले, धुरा लिहिला, करपलेली पऱ्हाटी लिहिली. नाव लिहिलं नाही. नाव लिहून प्रकरण पात्र झालंच असतं असं नाही, पण चौकशी तरी झाली असती. अर्ज परत आला. पुन्हा अपात्र.

२०१० साली 'पीपली लाइव्ह' ऑस्करला पाठवला गेला, अनुषा रिझवींचा. शेवटच्या पाचांत आला नाही. वहिनींच्या पोरानं सीडी आणली आणि आम्ही त्यांच्या घरी बसलो. बँकेच्या कर्जापायी जमीन लिलावात निघालेली. नत्था मेला तर पैसे मिळतील म्हणून थोरला भाऊ त्यालाच पुढं करतो. मग वाहिन्या, पुढारी, मंत्री, नुसती जत्रा. मी हसत होतो. वहिनी हसल्या नाहीत. त्यांचं सगळं ध्यान होरी महतोवर. हाडं निघालेला म्हातारा, रोज खड्डा खोदून माती विकतो आणि एक दिवस त्याच खड्ड्यात मरून पडतो. कॅमेरे सगळे नत्थाच्या दारात. शेवटी नत्था मेला असं समजतात, पण तो अपघात ठरतो आणि घरच्यांना पैसे मिळत नाहीत. वहिनी एवढंच म्हणाल्या, "बराबर दाखोलं."

त्या रात्री मला सुरुंगावर पडलेला तो बोस्नियाचा माणूस आठवला. मी वही काढली, 'आपल्याकडचा विषय नाही' हे खोडलं आणि सातचे नऊ केले.

२०१५ साली भारताकडून 'कोर्ट' गेला, चैतन्य ताम्हाणेंचा. त्यातला शाहीर झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे. गटारात उतरणारा एक कामगार मरतो आणि शाहिराच्या गाण्यामुळं त्यानं आत्महत्या केली असा खटला उभा राहतो. तोही पाचांत आला नाही. आम्ही तो उशिरा पाहिला, पोराच्या लॅपटॉपवर. कामगाराची बायको साक्षीला उभी राहते. रडत नाही. विचारलं तेवढंच सांगते. नवरा गटारात खडा टाकून पाहायचा, झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे असं समजायचा.

वहिनी म्हणाल्या, "मलेबी असंच उभं केलं होतं. ईचारलं तेवढंच सांगतलं."

पोरगा झोपायला गेल्यावर मी त्यांना सांगून टाकलं. नाव मला माहीत होतं, मी भिऊन लिहिलं नाही. नऊ वर्षं ते गळ्याशी अडकून होतं.

त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मले मालूम होतं, भावजी. गावात लिवणारे दुसरे नव्हते का? तुमाले नाव मालूम होतं म्हणून तर तुमच्याकडं आली होती."

मी खाली मान घालून बसलो. त्यांनी उठून कंदील विझवल्यासारखा लॅपटॉप मिटला आणि पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला.

वही अजून चालू आहे. दरसाल कोणता पिक्चर गेला, कोणता पाचांत आला, ते मी लिहितो. गुणही देतो. पण आता नांगर कसा धरला, रडवलं किती, हे मागून पाहतो. ज्याचं नाव घ्यायला पाहिजे होतं त्याचं त्यांनी घेतलं का, हे आधी पाहतो. 'मदर इंडिया'नं घेतलं होतं. बाबांना ते तंबूतच दिसलं होतं.