बारदानासकट

मुलीसाठी स्थळ आणि परदेशासाठी बॅग बघायची म्हटली, की एरवी मौन पाळणारी माणसंही तज्ज्ञ होतात. आई धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी न्यूजर्सीला निघाली, हे बँकेत कळलं मात्र; मॅनेजरपासून शिपायापर्यंत सगळ्यांनी मला बॅगेबद्दल मार्गदर्शन केलं. यातल्या बहुतेकांचा सर्वांत लांबचा प्रवास एल.टी.सी.वर कन्याकुमारीपर्यंत झालेला होता.

या विषयातली मेख कॉमर्सवाल्याला चटकन कळते. वाण्याकडे तेलाला डबा नेला, तर तो आधी रिकामा डबा तोलतो. विमान कंपनी बारदान वजा करत नाही. आईच्या तिकिटावर दोन बॅगा होत्या, प्रत्येकी २३ किलो, पण बॅगेसकट! म्हणजे पाच किलोंची दणकट बॅग घेतली, की सामानाला उरले अठरा. तीन किलोंची घेतली, तर वीस. आणि दोन किलो डिंकाचे लाडू म्हणजे बाळंतिणीचा महिना-दीड महिना निघतो. शिवाय लांबी, रुंदी, उंची यांची बेरीज १५८ सेंटिमीटरच्या आत हवी. त्यात चाकं आणि मूठही धरतात.

दुकानदाराला बेरीज-वजाबाकीशी कर्तव्य नव्हतं.

“साहेब, हिच्यावर हत्ती उभा करा. ओरखडा येणार नाही.”

“हत्ती नाही, आई जाणार आहे,” मी म्हटलं.

मग त्याने पॉलिकार्बोनेटची हलकी बॅग काढली. दाबली की आत जायची, सोडली की पूर्ववत. नोकरदार माणसाला लागणारा हा गुण बॅगेत पाहून बरं वाटलं. तशाच दोन घेतल्या.

माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला, पण बर्नार्ड सॅडो या अमेरिकन गृहस्थांना चाकांच्या सुटकेसचं पेटंट मिळालं ते १९७२ साली! आता तर दोन चाकं की चार, हा वाद. खडबडीत रस्त्याला दोन बरी. पण आईला रस्ता नव्हे, विमानतळ ओलांडायचे होते. अडुसष्टाव्या वर्षी, दुखरे गुडघे घेऊन, एकटीने. मनगटाला ओढ न देता शेजारून चालतील अशी चार चाकंच मी धरली.

कुलूप टीएसए छापाचं. अमेरिकेतल्या तपासनिसांकडे त्याची किल्ली असते. दुसरं कुलूप ते तोडूही शकतात. बँकेच्या लॉकरला एक किल्ली आमची आणि एक ग्राहकाची लागते. इथे ग्राहकाला विचारतच नाहीत.

भरताना सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बाहेर निघाल्या. खोबरं तेलकट, पेट घेतं, म्हणून विमानात मनाई. इतकी वर्षं फडताळात आपण काय सांभाळलं, या विचाराने आई क्षणभर गप्प झाली. एवढं करूनही काटा चारशे ग्रॅम ज्यादा दाखवू लागला.

“आई, तुझी एखादी साडी काढ ना.”

“आता काढायला साडी राहिलीय कुठे?” सौ. म्हणाली.

मी हिशेब मांडला. एकूण ४६ किलो. बॅगा सहा. आईच्या साड्या आणि शाल मिळून चार. बाकी छत्तीस किलो मुलीचं आणि यायच्या बाळाचं.

“अगं, तिथे थंडी असते. सहा महिने काय घालशील?”

“घालीन तिचंच काहीतरी. शाल काढ हवी तर. लाडवांच्या डब्याला हात लावू नकोस.”