रिकामी टाकी

दिवाळीत दोन फुटी टाकी आणली आणि त्याच रात्री सहा गप्पी सोडले. चौथ्या दिवशी चार गेले. पाणी तर आरशासारखं स्वच्छ! पण माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो आणि तो पचवणारे जिवाणू वाढायला चार-सहा आठवडे लागतात. मला मात्र लगेच रिलीज करायची घाई!

उरलेले दोघं सध्या शेजारच्या काकांच्या टाकीत आहेत.

आता खाली चाळलेली बागेतली माती, वर धुतलेली वाळू, त्यात वॅलिस्नेरिया. जावा फर्न दगडाला दोऱ्याने बांधलंय, कारण त्याचं खोड पुरलं की कुजतं. सीओटूचा सिलिंडर वगैरे काही नाही, साधा एलईडी.

"रिकामी टाकी काय बघत बसतोस रे?" आई विचारते.

रिकामी कुठाय? अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की दोघं घरी येणार. तोवर रिलीज नाही.