बिऱ्हाड कुठलं?

गेल्या महिन्यात आमचे चिरंजीव अमेरिकेचे नागरिक झाले. शपथविधीचा फोटो आला. हातात छोटा झेंडा, अंगात कोट, चेहऱ्यावर अवघडलेलं हसू. सौ.ने तो फोटो नातेवाइकांना पाठवला, मी मात्र दोन दिवस काही बोललो नाही. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, तेव्हा इथला पासपोर्ट जमा करावा लागणार, हे ठाऊक होतं. तरी घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं.

अशात मुलीची मुलगी सुट्टीला आली. बारावीला आहे, अर्थशास्त्र घेतलंय. जेवताना तिने विचारलं, "आजोबा, मामा आता अमेरिकन झाला. म्हणजे त्याचा पगार आपल्या जीएनपीतून गेला ना?"

मी हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवला. जोडीला अर्थशास्त्राचे चार धडेही असायचे. फळ्यावर दोन रेघा मारून मी सांगत असे: देशाच्या हद्दीत जे पिकतं, बनतं, त्याची किंमत म्हणजे देशांतर्गत उत्पादन, जीडीपी. देशाचे नागरिक जगात कुठेही असोत, ते जे कमावतात ते राष्ट्रीय उत्पादन, जीएनपी. मुलं पाठ करायची, मार्क मिळायचे. त्याच आत्मविश्वासाने मी म्हणालो, "गेला गं बाई. गेल्या महिन्यात गेला."

दोन दिवसांनी तीच वही घेऊन समोर बसली. "आजोबा, नागरिक नाही, रहिवासी धरतात. माणूस वर्षभराहून जास्त दुसऱ्या देशात बिऱ्हाड करून राहिला की तो तिथला. पासपोर्टचा संबंध नाही."

मी पुस्तकं काढून पाहिली. पोरीचं बरोबर होतं. मी इतकी वर्षं फळ्यावर चुकीचा शब्द लिहीत होतो! चिरंजीव 2006 मध्ये गेले. म्हणजे 2007 पासूनच त्यांचा पगार अमेरिकेच्या जीडीपीत आणि अमेरिकेच्याच जीएनपीत. ज्या दिवसाची मला इतकी धास्ती होती, तो केव्हाच होऊन गेला होता, आणि आम्हाला पत्ताही नव्हता. त्या वर्षी आम्ही त्याला चकल्या पाठवल्या होत्या, एवढं आठवतं.

मग या दोन आकड्यांचा नाद लागला. गंमत म्हणजे दोन्ही आमच्या परसातच सापडले.

आमच्या गावच्या घरामागे हापूसची कलमं आहेत. आता आमच्याच्याने होत नाही, म्हणून बाग कराराने देतो. समजा, एका हंगामात तीन लाखांचा आंबा निघाला. फवारणी, पेट्या, वाहतूक वजा जाता उरलं ते आमच्या गावात पिकलेलं. गावाला देश मानलं तर तो झाला गावचा जीडीपी. पण करार घेणारा बाहेरगावचा, त्याचा नफा त्याच्या गावी जातो. राखणीला नेपाळी गडी असतो, हंगाम संपला की मजुरी बांधून तो घरी जातो. आमच्या हातात पडतो तो कराराचा पैसा. हा गावचा जीएनपी. आंबे आमच्या झाडाचे खरे, पण आमचे किती, हा हिशेब वेगळाच.

आपल्या देशाचंही तसंच आहे. परदेशी कंपन्यांचा इथला नफा आणि बाहेरच्या कर्जावरचं व्याज बाहेर जातं, ते तशाच वाटेने आपल्याकडे येणाऱ्या पैशाहून जास्त आहे. म्हणून भारताचा जीएनपी जीडीपीपेक्षा थोडा कमी भरतो. दादाभाई नौरोजींनी दुसरं काय सांगितलं होतं? 1867-68 सालचं हिंदी माणसाचं सरासरी उत्पन्न त्यांनी 20 रुपये काढलं आणि विचारलं की इथलं बाहेर किती जातं. तेव्हा हे दोन शब्द जन्मलेही नव्हते. त्यांच्या काळचं जाणं जुलमाचं होतं, आजचं कराराचं आहे, हा फरक मोठाच. पण 'पिकलं किती' आणि 'राहिलं किती' हे प्रश्न वेगळे आहेत, हे त्यांनी ओळखलं होतं. अमेरिकेनेही 1991 पर्यंत मुख्य आकडा जीएनपीच ठेवला होता, मग जीडीपी धरला. पुढे 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबात जीएनपीचं नावही बदलून राष्ट्रीय उत्पन्न असं झालं.

उलटी उदाहरणंही आहेत. आफ्रिकेत लेसोथो नावाचा चिमुकला देश आहे, चारी बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला. तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या शेजारच्या खाणींत कामाला जात आले. बायकामुलं, घर, गुरं मागे डोंगरात. बिऱ्हाड घरी, म्हणून मजुरीही घरचीच धरली. त्यामुळे कित्येक वर्षं लेसोथोचं राष्ट्रीय उत्पन्न देशांतर्गत उत्पादनापेक्षा खूपच मोठं होतं.

हे वाचताना मला अण्णा दिसले.

अण्णा मुंबईला गिरणीत होते. आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या किती घरांची चूल तेव्हा मनीऑर्डरवर पेटायची! अण्णा गाळ्यात दहा-बारा जणांबरोबर राहत, खानावळीत जेवत, गणपतीला आणि शिमग्याला घरी येत. बिऱ्हाड म्हणाल तर गावात. महिन्याच्या दहा-बारा तारखेला पोस्टमन यायचा. आई अंगठा उठवायची, पैसे मोजून पदराला बांधायची. फॉर्मच्या खाली निरोपाला दोन बोटं जागा असे, ती मी वाचून दाखवायचो. "मी खुशाल आहे. मुलांची शाळा बुडवू नये." दर महिन्याला जवळजवळ तेच.

आईने लावलेलं भात, ते घरीच खाल्लं तरी देशाच्या उत्पादनात धरतात. तिने रांधलेला भात धरत नाहीत. ते असो.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. आमच्या वाडीत पोस्टमन यायचाच थांबला. मी तेव्हा नोकरीत कायम झालो होतो. मार्चमध्ये आमच्या घरातून पहिल्यांदा उलटी मनीऑर्डर गेली, गावाहून मुंबईला, 100 रुपये. निरोपाच्या जागेत काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं, "आम्ही खुशाल आहोत." पावसाळ्याआधी अण्णा ट्रंक घेऊन परत आले. गिरणीत पुन्हा गेलेच नाहीत.

आता चिरंजीव दर महिन्याच्या एक तारखेला पैसे पाठवतात. पेन्शन पुरते, नको म्हणतो, ऐकत नाहीत. ते पैसे कुठे धरतात, हेही नातीनेच सांगितलं. जीडीपीत नाहीत आणि जीएनपीतही नाहीत! तिथल्या रहिवाशाने इथल्या माणसाला दिलेली ती भेट, बदल्यात काही न घेता. तिसराच एक आकडा असतो, देशाच्या हाती खर्चाला येणाऱ्या उत्पन्नाचा, त्यात ती मिळवतात. आणि ही भेट लहानसहान नाही. 2022 मध्ये भारतात बाहेरून असे 10,000 कोटी डॉलरहून जास्त आले. इतका आकडा गाठणारा आपला पहिलाच देश. नेपाळात तर ही रक्कम तिथल्या जीडीपीच्या पाचव्या हिश्श्याहून अधिक भरते. आमच्या बागेतल्या राखणदाराच्या आईकडेही कुणी पोस्टमन जात असेलच. कुणासाठी आमचं कोकणच मुंबई आहे.

तेव्हा हिशेब असा लागला. अण्णा मुंबईत राहिले, पण बिऱ्हाड गावातच होतं. मुलाचं बिऱ्हाड तिथे आहे, गेली कित्येक वर्षं आहे, आणि ते मान्य करायला मला नातीची वही लागली. त्याच्यावर मी दोन दिवस रुसलो होतो तो एका कागदासाठी. खरं तर घर सोडून जाणं तेव्हाच झालं होतं, आणि पाठवणारा मीच होतो. विमानतळावर सोडायला मीच गेलो होतो.

रविवारी फोनवर त्याचं अभिनंदन केलं. उशीर झाला म्हणालो. तो म्हणाला, "बाबा, मला वाटलं तुम्ही रागावलात." मी म्हटलं, "रागावलो होतो. आता हिशेब कळला."

एक तारखेला पैसे आले. बँकेच्या निरोपाच्या रकान्यात तो नेहमी 'घरखर्च' असं लिहितो. या वेळी लिहिलं होतं, "खुशाल आहे. गणपतीला येतो."

सौ.ला वाचून दाखवलं, दोनदा.