कोकराच्या आतड्यातली रोपवाटिका

मागच्या महिन्यात चार दिवसांचं कोकरू हगवणीनं गेलं. चूक माझीच. जार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही ही आमच्या घरची जुनी रीत. त्या दिवशी जार पडायला संध्याकाळ झाली.

डॉक्टरांनी पोट फाडून बघितलं. लहान आतड्याच्या शेवटाला हाताला जाड लागणारा लांबलचक पट्टा दाखवला. म्हणाले, "काका, अँटीबॉडी तयार करणाऱ्या पेशींची ही रोपवाटिका." मी म्हटलं, रक्तपेशी तर हाडात तयार होतात ना? दहावीपर्यंत तेवढंच शिकलोय. ते म्हणाले, माणसात या पेशी हाडाच्या मगजात तयार होतात. मेंढीत मात्र बहुतेक या पट्ट्यातच वाढतात. दोनेक महिन्यांच्या कोकरात पट्टा दोन मीटरच्या आसपास भरतो. बहुतेक पेशी तिथंच मरतात, निवडक तेवढ्या रक्तातून अंगभर जातात. काही आतड्याच्या वरच्या भागातल्या छोट्या चकत्यांत बसतात. जंतू आला की पुढचं काम तिथं.

दीड वर्षात पट्टा विरून जातो, चकत्या जन्मभर राहतात. खरं वाटेना म्हणून खाटकाकडं म्हाताऱ्या मेंढीचं आतडं बघितलं. पट्टा नव्हता.

पण चार दिवसांच्या पिल्लाची रोपं अजून कोवळी. मेंढीच्या वारेतून पोटातल्या पिल्लाला अँटीबॉडी मिळत नाहीत. मिळतात त्या चिकातून, आणि आतडं त्या पहिल्या दिवसापुरत्याच रक्तात घेतं, त्यातही पहिले काही तास मोलाचे. मी तेच घालवले.

काल रात्री तांबडी व्याली. जार पडायची होती. म्हातारी ओरडली, तरी कोकरू आधी सडाला लावलं.