सशाचं दार

शेळीने खाल्लेलं रोप आणि सशाने खाल्लेलं रोप यांतला फरक मला अक्षरओळख होण्याआधी कळायला लागला होता. शेळीला आणि चितळाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती पाला ओढून तोडतात, म्हणून देठाला चोथा झालेलं टोक उरतं. सशाला वर दातांच्या दोन जोड्या असतात, मोठ्या जोडीमागे एक बारकी लपलेली. त्याने तोडलेली बरबटीची दांडी विळ्याने छाटल्यासारखी तिरपी आणि स्वच्छ असते. जवळपास गोल, किंचित चपट्या लेंड्या पडलेल्या असतात. चुरून पाहिल्या तर आत नुसतं गवताचं तूस.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोंभुर्ण्याकडच्या आमच्या घरामागे सांदवाडी होती. पावसाळ्यात बरबटी, भेंडी, ढेमसं. थंडीत वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर आणि मांडवावर पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा. सकाळी आजी आधी वाडीभर फिरून दांड्या बघायची आणि रात्री कोण येऊन गेलं ते चहाच्या आधी सांगायची. नुकसान पाहून ती कधी शिव्या देत बसली नाही. फट शोधायला लागायची.

तेव्हा कुंपण दर उन्हाळ्यात नव्याने व्हायचं. जंगलाच्या कडेवरून बोरीच्या आणि बाभळीच्या काट्या बंडीत घालून आणायच्या, बांबूच्या खुंट्यांमध्ये दाबायच्या, बुडखे आत आणि काटेरी शेंडे बाहेर. बाबा वरची बाजू उंच करण्याच्या मागे असत, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे रानडुक्कर आणि मोकाट ढोरं. आजी मात्र जमिनीला गाल टेकेल इतकी वाकून बघायची. "सशाचं दार खालतं रायते, बाई," ती मला म्हणायची. त्या खालच्या वीतभर जागेत ती निवडून बोरीच्याच फांद्या कोंबायची. बोरीचे काटे जोडीने येतात, एक सरळ आणि एक आकड्यासारखा वाकडा. सरळ काटा टोचतो, वाकडा धरून ठेवतो. बाभळीच्या लांब पांढऱ्या काट्यांचा धाक मोठा दिसतो, पण ससा त्यांच्या मधून अंग चोरून निघतो. बोरीशी तो सहसा झटत नाही.

आमचा मुलूख सशाच्या सोयीचाच आहे. ताडोबाकडून येणारी अंधारी नदी पुढे वैनगंगेला मिळते. त्या पट्ट्यात जंगल आणि धानाच्या बांध्या एकमेकींना लागून आहेत. धान कापायच्या आधीच ओल्या बांधीत लाखोळी फेकतात. कापणी झाली की तिचा कोवळा पाला उघडा पडतो, आणि रात्री सशांना चराई मिळते. तो रब्बीचा पाला आटला, की जानेवारी-फेब्रुवारीनंतर गावाजवळ हिरवं उरतं ते फक्त लोकांच्या वाड्यांमध्ये, जिथे विहिरीचं पाणी फिरतं. उन्हाळ्यात ससा दारापर्यंत येतो त्याचं कारण एवढंच आहे.

शाळेच्या पुस्तकातला ससा पांढरा आणि बिळात राहणारा होता. आमचा मातकट, मानेवर काळा पट्टा असलेला. तो बीळ खणत नाही. गवतात किंवा झुडपाखाली अंगापुरता खळगा करून दिवसभर त्यात दडून असतो. पिल्लंसुद्धा अंगावर लव आणि उघडे डोळे घेऊन जन्मतात. बीळ खणणारा युरोपातला ससा आपल्या रानात नाहीच. त्या बिळवाल्या सशाने ऑस्ट्रेलियात एवढा उच्छाद मांडला, की तिथल्या पश्चिम भागात 1901 ते 1907 या काळात तारेचं कुंपण घातलं गेलं. त्याची सर्वांत लांब रांग 1,833 किलोमीटरची. काम पुरं होण्याआधीच ससे पलीकडे पोचले होते. हे वाचलं तेव्हा मला आजीच्या वीतभर फटीची आठवण झाली. लांबी कितीही असो, कुंपण जमिनीपाशी ठरतं.

लग्नानंतर माझी स्वतःची वाडी झाली आणि तोवर काट्या आणणं अवघड होऊन बसलं. ताडोबा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झालं, अंधारी अभयारण्य 1986 चं, आणि 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ वाढले, प्रकल्पाबाहेरच्या जंगलातही वसले. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं वाघाने मारल्याच्या बातम्या या जिल्ह्यात दर उन्हाळ्यात येतात. वाकून फांदी तोडणारी बाई वाघाला माणूस वाटत नाही, असं जाणते सांगतात. मग बोरीच्या काटीसाठी कोण जीव धोक्यात घालणार? काटेरी कुंपणं गेली आणि जुन्या लुगड्यांची, साड्यांची कुंपणं आली. रंगीबेरंगी, वाऱ्यावर हलणारी. रानडुक्कर चार दिवस बिचकतं. ससा साडीच्या काठाखालून जातो.

बाकीचे उपायही केले. न्हाव्याच्या दुकानातले केस धुऱ्यावर पसरले. पहिल्या पावसात वाहून गेले. शेण कालवून रोपांवर शिंपडलं, ते खरंच चालतं, पण नवी पानं फुटली की पुन्हा शिंपडावं लागतं आणि सांभारासारख्या भाजीवर ते करवत नाही. कडेने करडईच्या ओळी घातल्या. करडई मोठी झाली की तिच्या पानांचे काटे जनावराला रोखतात, पण कोवळी असताना तीच सशाला आवडते. सरकारी मदतीने सौर कुंपण मिळतं, ते मोठ्या जनावरांसाठी चांगलंच. त्याची सगळ्यांत खालची तारही सशाच्या पाठीवरून राहते, आणि अजून खाली आणली तर गवत टेकून झटका मरतो. पीकनुकसानीच्या भरपाईत रानडुक्कर, हरीण, रोही येतात. सशाला तिथे जागा नाही. त्याचं नुकसान मूठभर असतं, पण ती मूठ घरच्या भाजीची असते, आणि ती बाईच्या हिशेबात मोजली जाते.

ज्या एका उपायाबद्दल मला राग आवरत नाही, तो म्हणजे खांबावरून चोरून घेतलेला करंट. सौर कुंपणाचा झटका ढकलून परत पाठवतो. हा करंट मारतो. डुकरासाठी लावलेल्या तारेत चंद्रपूर-गडचिरोलीत वाघ मेलेत, शेतकरी मेलेत, रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी मेलाय. ससा मारणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, पण मी कायद्यासाठी बोलत नाही. आजीच्या कुंपणाने कोणी मेलं नाही. जनावर यायचं, हुंगायचं, वळून जायचं. कुंपणाचं काम तेवढंच, असं मी मानते आणि गावात भांडूनही सांगते.

आता माझ्या वाडीला कंबरेच्या खालपर्यंत कोंबडीजाळी आहे, बोट जेमतेम जाईल इतक्या बारीक छिद्रांची, कारण पिल्लू मोठ्या छिद्रातून सहज आत येतं. खालची वीतभर जाळी बाहेरच्या अंगाला वाकवून मातीत दाबली आहे आणि वर दगड ठेवलेत. ससा कुंपणाच्या पायथ्याशी येऊन उकरू लागला तर त्याचे पाय त्या वाकवलेल्या जाळीवरच पडतात. बिळवाला नसल्यामुळे तो दोन वेळा खरवडतो आणि जातो. कोवळ्या वांग्यांवर बुरडाकडून आणलेल्या जुन्या टोपल्या पालथ्या घालते, खोड टणक होईपर्यंत. फाटकाखालची जागा सगळ्यांत अवघड. तिथे अजून बोरच लागते, घराजवळच्या झाडाची.

पश्चिमेची बाजू अजून साडीचीच आहे. धान विकलं की तिथली जाळी घ्यायची आहे. शेजारणीलाही हवी आहे, म्हणून दोघींच्या वाडीला मिळून एकच बंडल आणू, मधली बाजू दोघींना कामी येईल.