मुंबईला जायचं, पण उतरायचं कुठं?

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात समुद्र नाही. आहे तो जवळच्या आयएनए मार्केटात, बर्फावर मांडून ठेवलेल्या मासळीपुरता. सरकारी निवासस्थानांच्या या वसाहतीला झाशीच्या राणीचं नाव आहे आणि तिच्या माहेरची भाषा बोलणारी काही घरंही इथे पूर्वापार आहेत. अशाच एका घरात हिवाळ्याच्या तोंडावर चर्चा रंगली. रजा मंजूर झाली होती. चार वर्षांतून एकदा देशात कुठेही जाण्यासाठी मिळणारी एलटीसी घ्यायची आणि मुंबई गाठायची, हे ठरलंच होतं. अडलं होतं एकाच प्रश्नावर : उतरायचं कुठं?

प्रश्न वाटतो तितका साधा नाही. एलटीसीत सरकार प्रवासाचं भाडं देतं, मुक्कामाचा खर्च मात्र स्वतःच्या खिशातून. शिवाय मुंबई लांबलचक पसरलेलं शहर. मुक्कामाची जागा चुकली की सहलीचे निम्मे तास लोकलमध्ये आणि टॅक्सीत जातात.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. आजींचं माहेर गिरगावातल्या चाळीतलं. दोन खोल्यांत दहा माणसं असली तरी दिल्लीहून आलेल्या पाचजणांच्या गाद्या गॅलरीत पडत. आता त्या चाळीच्या जागी उंच इमारत उभी आहे आणि भाऊ डोंबिवलीला राहायला गेला आहे. "आमच्याकडेच उतरा" असा त्याचा आग्रह. पण डोंबिवलीहून रोज मुंबईत यायचं, तेही सकाळच्या गर्दीत सत्तरी ओलांडलेल्या आजींना घेऊन, हे कुणालाच पटेना.

मुलांनी जुहूचा हट्ट धरला. खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसावा, एवढीच त्यांची मागणी. विमानाने येणाऱ्यांना जुहू आणि विलेपार्ले सोयीचं आहे, किनाराही मोठा आहे. पण गेटवे, वस्तुसंग्रहालय, राणीची बाग हे सारं दक्षिणेला. शिवाय समुद्रासमोरच्या हॉटेलांचे दर पाहून मुलांच्या वडिलांनी चष्मा काढून पुसला.

त्यांची स्वतःची पसंती दादरला होती. त्यामागचा हिशेब चोख होता. पश्चिम आणि मध्य अशा दोन्ही रेल्वेमार्गांच्या गाड्या जिथे मिळतात, असं हे मोक्याचं स्टेशन. शिवाजी पार्क, चैत्यभूमी, प्रभादेवीचा सिद्धिविनायक हाकेच्या अंतरावर. संध्याकाळी शिवाजी मंदिरला नाटक, त्याआधी 'प्रकाश' किंवा 'आस्वाद'मध्ये साबुदाणा वडा. मराठी कुटुंबाला परकं वाटू नये असा हा भाग. मात्र 6 डिसेंबरच्या सुमारास महापरिनिर्वाण दिनानिमित्त इथे लाखो लोक येतात, तेव्हा खोली मिळणं कठीण. भर पावसात जाणाऱ्यांनी हिंदमाताच्या बाजूला पाणी साचतं, हेही ध्यानात ठेवावं.

सूनबाईंनी फोर्ट-कुलाब्याचं नाव घेतलं. मुंबई प्रथमच पाहणाऱ्यांसाठी याहून सोयीची जागा नाही. 1924 साली पूर्ण झालेलं गेटवे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, राजाबाई टॉवर हे सगळं पायी पाहता येतं. घारापुरीच्या लाँचही गेटवेहूनच सुटतात. लेणी सोमवारी बंद असतात आणि वर जायला शंभरावर पायऱ्या आहेत, एवढं मात्र विसरू नये. पण या भागात भाडं चढं, आणि नाताळात तर विचारूच नये.

राहिलं गिरगाव. आजी इतका वेळ गप्प होत्या. "आई, तुला काय हवं?" मुलाने विचारलं.

"मला मुंबई दाखवायला नेऊ नका रे," त्या म्हणाल्या. "मुंबई माझी पाहिलेली आहे. सकाळ-संध्याकाळ माझी मी चालत समुद्रावर जाईन, कुणाला सोबतीला बोलवावं लागणार नाही, अशा ठिकाणी उतरा."

चर्चा तिथेच संपली. कारण योग्य प्रश्न हाच होता. काय काय पाहायचं, यापेक्षा घरातलं जे माणूस सर्वांत कमी चालू शकतं, त्याचा दिवस कसा जाईल, यावर मुक्काम ठरवावा. बाकीचे लोकल पकडून कुठेही जाऊ शकतात.

पश्चिम रेल्वेच्या राजधानी गाड्या मुंबई सेंट्रलला पोहोचतात. तिथून लोकलने दुसरंच स्टेशन चर्नी रोड, आणि समोर गिरगाव चौपाटी. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत धावू लागली. गिरगाव, सिद्धिविनायक, दादर ही तिन्ही स्थानकं या एकाच मार्गावर असल्याने दादरचाही हट्ट पुरा होतो. जवळच केशवजी नाईकांची चाळ, जिथे 1893 साली सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. खोताच्या वाडीतली लाकडी जिन्यांची घरंही इथलीच.

चौपाटीवर लोकमान्यांचा पुतळा आहे. 1920 साली त्यांच्यावर अंत्यसंस्कार इथेच झाले. पुण्याहून मुंबईला आले की लोकमान्य क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत, आणि 1 ऑगस्टला त्यांनी अखेरचा श्वास घेतला तोही तिथेच. पाहुण्याची मुक्कामाची जागाही शहराच्या आठवणीत अशी राहून जाते.

गिरगावात खोली घेताना काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. इमारत जुनी असेल तर लिफ्ट आहे का? खोली कितव्या मजल्यावर? समुद्राकडे जाताना रस्ता कुठे ओलांडायचा? तिथली वाहनं वेगाने जातात, तेव्हा सिग्नलवरच ओलांडावा. गणेशोत्सवात, विशेषतः विसर्जनाच्या दिवशी, इथे मुक्कामाचा विचार हौस असेल तरच करावा.

ठरल्याप्रमाणे लिफ्ट असलेल्या एका साध्या लॉजमध्ये सहा दिवसांसाठी दोन खोल्या घेतल्या गेल्या. मुलांना एक दिवस जुहू मिळालं, वडिलांना नाटक, सूनबाईंना वस्तुसंग्रहालय. डोंबिवलीचा भाऊ रविवारी गर्दी टाळून आपणच भेटायला आला.

आणि आजी? पहिल्याच संध्याकाळी त्या काठी घेऊन निघाल्या. नातू मागोमाग धावला, तर त्यांनी हाताने त्याला परत पाठवलं. तासाभराने आल्या तेव्हा पदराला वाळू लागली होती आणि हातात सगळ्यांसाठी भाजलेल्या शेंगांच्या पुड्या होत्या.